पिलणकरांनी घेतलेली पिलणकरांची परीक्षा

सन १९३१च्या श्रावणात आमच्या रत्नागिरीच्या किनारा-नोंद कचेरीत वरून एक परिपत्रक आलं. प्रत्येक बंदरावर फ्रेंच भाषेची दुसरी परीक्षा उत्तीर्ण झालेला निदान एक कारकून असावा, असा त्याचा मजकूर. आमच्या बंदराला फ्रेंच जहाज लागलेलं कचेरीत कोणालाच आठवत नव्हतं. तसं आम्ही नम्रपणे कळवलं. उलट टपाली शेरा आला : ‘जाणकार कारकून नसल्यामुळेच जहाजे येत नसावीत.’ यावर काय बोलणार, कपाळ! मी आवक-जावक कारकून. शेऱ्याला नंबर घातला आणि फायलीला लावला.

घोंगडं गळ्यात पडलं ते शेजारच्या टेबलावरच्या आत्माराम पिलणकरांच्या. तीन वर्षांपूर्वी एका फ्रेंच जाणणाऱ्या इंग्रज साहेबापुढे त्यांनी पहिली परीक्षा दिली होती. साहेब बदलून गेला, पिलणकर उरले. पहिल्या परीक्षेत नुसता वर्तमानकाळ. मी खातो, तू खातोस, तो खातो, संपलं. दुसरीत मात्र क्रियापदांची जत्राच : खाल्लं, खात असे, खाल्लं होतं, खाल्लं असतं, आणि ‘मी खावं अशी तुझी इच्छा’ याला आणखी निराळं रूप. सहा महिन्यांत उत्तीर्ण व्हा, नाहीतर मंडणगडला बदली, असा हुकूम सुटला.

आमची बिऱ्हाडं शेजारी, मधे एक कुडाची भिंत. त्यामुळे सावित्रीवहिनींचं म्हणणं मलाही कळलं.

“मंडणगडला? डोंगरात? तिथे ताजा बांगडा कुठला मिळायला! ते जळो मेलं, सुकटीवर दिवस काढू. पण जनीचं काय? पाचवीत गेलीय, वर्गात दुसरी आलीय हो पोर! तिथे मुलग्यांत एकटीला बसवाल काय? तिची शाळा सोडवलीत तर जन्मात तुमच्याशी बोलायची नाही.”

“अगो, सुटू देईन का मी?” पिलणकर म्हणाले. लेकीवर त्यांचा भारी जीव.

खरं फ्रेंच येणारा माणूस जिल्ह्यात एकच, भाट्याचा मुसा. एकोणीस वर्षं फ्रेंच आगबोटीच्या भटारखान्यात कांदे चिरून आलेला. अडचण एवढीच, की त्याचा होडीच्या परवान्याचा अर्ज पिलणकरांनी तीनदा परत पाठवला होता. कारण : डाव्या बाजूला तीन बोटं समास सोडलेला नाही. समासावर पिलणकरांचा मोठा कटाक्ष. वीस वर्षांत मजकूर वाचून त्यांनी एकही अर्ज नाकारला नव्हता. मजकुरापर्यंत ते पोचतच नसत.

पण गरजवंताला अक्कल नसते. परवापर्यंतचा ‘ए मुसा’ त्या संध्याकाळी ‘मुसाभाई’ झाला. मुसा मनाचा मोठा. म्हणाला, “या, बसा सायब. नुसत्या वर्तमानकाळावर बोटीवर एक दिस निघायचा नाय. कप्तान विचारणार, मासे कोणी जाळले? आपण म्हणायचं, चूल धड असती तर जळले नसते! हे आलं की माणूस तरला.”

मुसाची बायको साबेराबी बांगडे तळायची आणि त्यांवर धडा चालायचा. ताट येण्याआधी भविष्यकाळ, घास तोंडात असताना वर्तमान, काटे उरले की भूत. ‘आणखी एक असता तर खाल्ला असता’ हे रूप पिलणकरांना पहिल्याच दिवशी बिनचूक आलं. ‘तुम्ही आता उठावं अशी साबेराची इच्छा आहे’ हे कळायला मात्र तीन आठवडे लागले. पण माणसाने मेहनत घेतली हो! मार्गशीर्षापर्यंत पिलणकर झोपेतसुद्धा फ्रेंचमध्ये पस्तावू लागले.

मग प्रश्न आला, परीक्षक कोण? नियम असा, की परीक्षक सरकारी नोकर हवा आणि जिल्ह्यात फ्रेंचचा सर्वांत वरचा दाखला त्याच्यापाशी हवा.

“मुसाला विचारू या की,” मी म्हणालो.

हेडक्लार्क गंगारामतात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मुसाला येतं, पण कागदावर येत नाही. कागदावर एकालाच येतं.”

तो एक म्हणजे पिलणकर. वर विचारणा केली. उत्तर आलं : हरकत नाही, मात्र परीक्षा होईपर्यंत परीक्षक व परीक्षार्थी यांनी परस्परांशी बोलू नये, फक्त लेखी व्यवहार ठेवावा.

झालं, पिलणकर पिलणकरांना पत्रं लिहू लागले. मी त्यांच्या टेबलावरचं पत्र उचलायचं, जावक नंबर घालायचा, आवक नंबर घालायचा आणि त्याच टेबलावर परत ठेवायचं. परीक्षेची तारीख विचारली तर अकरा दिवस उत्तर नाही. परीक्षार्थ्याने स्मरणपत्र धाडलं. परीक्षकाने त्याच्या उतावळेपणाबद्दल नाराजी कळवली.

पौषात परीक्षा झाली. काळी टोपी घालून पिलणकर सकाळी बसले ते तीन तास मान वर न करता लिहीत होते. बाहेर आले ते नाचतच. पायरीवर मुसा बसला होता, त्याला मिठीच मारली. “मुसाभाई, एक रूप चुकलं नाही! जनीची शाळा वाचली!”

दुपारी जेवून आले ते पगडी घालून. आता ते परीक्षक. मला विचारलं, “परीक्षार्थी गेला?”

“गेला.”

“कसा वाटला?”

“तुमच्यासारखाच.”

“असल्यांवर नजर ठेवावी लागते,” असं म्हणून त्यांनी उत्तरपत्रिका उघडली आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. पाण्यासारखं फ्रेंच आलं होतं, त्या भरात परीक्षार्थ्याने कागदाच्या काठापासून काठापर्यंत लिहिलं होतं. समास नव्हता.

“अहो पिलणकर, जनीकडे बघा!” मी ओरडलोच. “तुमचीच पत्रिका आहे ना ही?”

“म्हणूनच तर! सोडून दिलं तर लोक म्हणतील, आपल्या माणसाला पास केलं.” बोलताना डोळ्यांतून टिपं गळत होती, पण लाल शाईचा टाक थरथरला नाही. ‘समास नाही. मजकूर वाचला नाही. अनुत्तीर्ण.’

परीक्षार्थ्याने फेरतपासणीचा अर्ज केला. त्याला तीन बोटं समास होता, त्यामुळे परीक्षकाला तो वाचावा लागला. वाचून त्यांना हुंदका आला. मग नामंजूर केला.

सावित्रीवहिनी तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “तुम्ही जा एकटे. पोर इथून हलायची नाही.” निघण्याच्या दिवशी मुसाचा चौथा अर्ज आला. त्यात त्याने इतका समास सोडला होता, की सगळा मजकूर उजव्या कडेला दोन बोटांच्या पट्टीत उभा होता. पिलणकरांनी तत्काळ मंजूर केला.

“माझा तीनदा परत केलात, सायब,” मुसा म्हणाला, “आणि स्वतःचा दोनदाच. नशीब काढलंत!” दोघंही पोट धरून हसले.

आता पिलणकर मंडणगडला असतात, सुकटीवर. पण जिल्ह्यात फ्रेंचचा वरचा दाखला अजून त्यांचाच, म्हणून वर्षातून दोनदा परीक्षक म्हणून सरकारी खर्चाने रत्नागिरीला येतात. परीक्षेला कोणी बसत नाही. पगडी घालून ते तीन तास रिकाम्या बाकावर नजर ठेवतात, मग मुसाकडे बांगडे खातात आणि घरी जातात. जनी गळ्यात पडून विचारते, “बाबा, तुम्ही पास झाला असतात तर?” त्याचं फ्रेंच त्यांना अजून बिनचूक येतं.

तुम्ही म्हणाल, भर कचेरीत एवढी माणसं, ‘हा काय चावटपणा चाललाय’ असं म्हणून एकानेही ती परीक्षा कशी थांबवली नाही? खरं आहे तुमचं. पण वाचकहो, परीक्षक आणि परीक्षार्थी एकच, हे तुम्हांलाही केव्हाचं ठाऊक होतं. तरी तुम्ही इथवर वाचत आलात, ते तो पास झाला की नापास एवढंच बघायला.