सोमाच्या अंथरुणातला करंट

"खुळे झालात काय, अवो? करदोडा मेल्यावर काढतात!" चंद्राबाई कडाडली.

सोमाने बायकोला हातानेच गप्प केलं आणि कमरेचा चांदीचा करदोडा काढून दूर कोनाड्यात ठेवला. "चांदीतून करंट पळतो," तो कुजबुजला. "विठूचा बैल इसरलीस?"

विठूचा बैल विसरणं शक्यच नव्हतं. गेल्या पावसाळ्यात बांधावर तार तुटून पडली, बैलाचा पाय लागला आणि तो जागच्या जागी आडवा झाला. सोमाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आता म्हातारपणी त्याच विजेवर त्याला झोपायचं होतं.

दोष कुणाचाच नव्हता. नातीला, मेघाला, शहापूरच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. आजोबा थंडीत कुडकुडतात म्हणून पोरीने पहिल्या पगारातून विजेवर गरम होणारी चादर आणली, स्वतः अंथरली, पिन बोर्डात खोचली, बटण दाबलं आणि म्हणाली, "झोपा बघू. येते ना ऊब?" तिचा चेहरा असा फुलला होता की सोमाची 'नाय' म्हणायची छाती झाली नाही.

"मस्त येते गो," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

त्या दिवसापासून झोपायची तयारी म्हणजे लढाईची तयारी. पायात भातलावणीचे गमबूट, कारण रबरातून करंट जात नाही. दुपारनंतर पाणी बंद, कारण झोपेत काही कमीजास्त झालं तर ओल आणि वीज एकत्र येणार. चंद्राबाई दाराशी, हातात वाळकी काठी घेऊन.

"मी चिकटलो तर हात लावू नको. काठीनं हाण."

"किती जोरात?"

"सुटंपर्यंत!"

बिचारा घामाने निथळत पडून राही. घट्ट बुटांत पायांना मुंग्या आल्या की तो दचकून पाय आखडून घेई. आला करंट! सकाळी मेघा त्याचा ओला बनियन बघून खूश होई. "आजोबा, भारीच गरम होते की चादर!"

एका पहाटे, पाण्यावाचून सुकलेल्या त्या म्हाताऱ्याच्या पोटरीत पेटका आला. सोमा ताठ झाला, दातखीळ बसली, बूट घातलेला पाय झाडू लागला.

"चिकटला गो बाय, माझा म्हातारा चिकटला!" चंद्राबाईने टाहो फोडला आणि रडत रडत काठी चालवायला सुरुवात केली.

मेघा धावत आली. "आजी, मारतेस काय त्यांना!"

"लांब हो पोरी! त्याच्यात करंट हाय!"

मेघाने झटकन पिन ओढली, चादरीच्या मोकळ्या कडेला हात लावला आणि थबकली. चादर बर्फासारखी गार होती.

शेजारच्या ज्ञानेश्वर वायरमनला उठवून आणलं. त्याने बोर्ड उघडला. "अगो, याच्यात करंटच नाय. उंदरानं वायर कधीच खाल्लीय. उद्या जोडतो."

मेघाचे डोळे भरले. "म्हणजे आजोबा, ऊब येते म्हणत होतात ते माझं मन राखायला?"

"नाय गो!" कुल्ले चोळत सोमा कळवळला. "देवाशपथ, घाम यायचा!" बिचारा पहिल्यांदाच अगदी खरं बोलत होता.

त्या रात्री सोमा निर्धास्त होता. करदोडा कमरेला, पाय मोकळे, पोटभर पाणी. तीच चादर, तीच खाट. पाठ टेकते न टेकते तोच त्याचे दात वाजू लागले. घोंगडी घेतली, चंद्राबाईचं लुगडं वर घेतलं, तरी हुडहुडी थांबेना.

उजाडताच तो ज्ञानेश्वरच्या दारात उभा. "ज्ञाना, बोर्ड जोड रे आधी."

"काका, आता करंटला भ्या नाय वाटत?"

"नाय ना!" सोमा काकुळतीला आला. "म्हणून तर गारठलो. लवकर करंट सोड, मंजे भ्या वाटंल, आणि जरा ऊब येईल!"