आधी ऊब, मग दूध

आमच्या पिंपरी पेंढारच्या सोपानतात्यांच्या स्वेटरात थंडीभर कुणी ना कुणी राहायला असे. शेळी व्यायली की ओलं करडू पुसायचं, उघड्या छातीशी धरायचं, वरून स्वेटर ओढायचा आणि कामाला लागायचं. एकदा ते तसेच आळेफाट्याच्या एसटीत चढले. स्वेटर बें करून ओरडला. कंडक्टरनं तिकीट मागितलं.

"कालपतुर आईच्या पोटात फुकट हिंडत व्हतं," तात्या म्हणाले, "आज माझ्या पोटावर हाय."

कंडक्टर पुढं गेला.

करडाच्या तोंडात बोट घालून ते बघत. तोंड गार लागलं तर दूध बंद. "आधी ऊब, मग दूध. गार पोटात दूध जिरत न्हाई." हा कायदा माणसांनाही लागू होता. पावण्याचे कान चाचपायचे, गार असले तर चुलीपुढं बसवायचं, चहा नंतर. ऐन उमेदीत मुलगी द्यायला आलेल्या पावण्यांचेही कान त्यांनी चाचपले. पावणे उठून गेले. तात्या एकटे राहिले, शेळ्या मात्र वाढल्या.

गावात बारसं असलं की तात्यांना पेढा मिळे, बाळ मिळत नसे. "शेरडाचा वास येतो," माझी आई म्हणायची. तात्या लांबूनच विचारायचे, "पाय गरम हाईत ना?"

नव्वदच्या दशकातल्या एका पौषात, सकाळी, माझी वहिनी दिवस भरण्याआधीच घरी बाळंत झाली. एवढीशी मुलगी, ओठ निळसर. आईनं तिला दोन गोधड्यांत गुंडाळलं, तरी गारच. रडेना. वहिनी स्वतः ग्लानीत. दवाखान्यात न्यायला जीप आली, तेव्हा तात्या दारात उभे होते.

"आक्का, गार दगड गोधडीत बांधला तर गारच ऱ्हातो. करडू निदान कुडकुडतं, माणसाचं पोर तेवढंबी करत न्हाई. उगडी करून द्या माझ्याकडं."

आईनं एकवार त्यांच्याकडं पाहिलं आणि नात त्यांच्या हातात दिली. मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

जीपमध्ये तात्यांनी तिला उघड्या छातीशी धरून वरून स्वेटर ओढला. दोन्ही हात स्वेटरवर. खड्डा आला की फक्त डोळे मिटत. फाट्याच्या अलीकडं आतून बारीक, रागीट टाहो फुटला. ड्रायव्हरनं उगाचच हॉर्न वाजवला.

दवाखान्यात नर्सनं मुलगी घेऊन गरम पेटीत ठेवली. "वाचेल," डॉक्टर म्हणाले. आई तिथंच फरशीवर बसून रडली. तात्या व्हरांड्यात उभे, हात अजून छातीशी तसेच.

"तात्या, बसा आता," मी म्हणालो.

"तिला काडून न्हेली राव," ते म्हणाले, "आन् छाती लई गार पडली बघ."