आल्प्सची रंगीत तालीम

हेमाने एकदा 'हो' म्हटलं की आपल्या पदरात काय काय पडणार, हे उल्हासने मनाशी केव्हाच मांडून ठेवलं होतं. दुबईच्या नोकरीतली जूनची रजा. भाड्याची कॅम्परव्हॅन. म्युनिकहून निघून ऑस्ट्रियातून थेट इटलीत उतरणारे रस्ते. शिवाय डोंबिवलीत घरोघरी जेवायला जायची नातेवाइकांची फेरी यंदा आपोआप रद्द. या सगळ्याच्या बदल्यात लागत होता फक्त हेमाचा होकार, आणि नेमका तोच मिळत नव्हता.

"वर्षभर करामातल्या घरी ओट्यापाशी मीच उभी असते," ती म्हणाली होती. "आता रजेत त्याच ओट्याला चाकं लावून युरोपभर फिरवायचा? त्यापेक्षा डोंबिवली बरी. तिथे पोळ्या तरी दुसरं कोणी लाटतं."

म्हणून ही तालीम. वीकेंडपुरती एक कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन उल्हास बायको आणि मुलीसह डोंगरांपलीकडच्या, समुद्रकाठच्या खोरफक्कानच्या वाटेला लागला. व्हॅनमधल्या शेगडीला हेमाने हात लावायचा नाही, हे वचन त्याने दियाच्या साक्षीने दिलं होतं. हेमाला दोन दिवस आवडले तर युरोप, नाहीतर डोंबिवली.

रस्ता मात्र त्याच्या बाजूने होता. डोंगर पोखरून काढलेले बोगदे, एकातून बाहेर पडावं तर पुढे दुसरा. आणि डांबर असं, की डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा हलू नये. उल्हास लहान मुलासारखा हरखून गेला होता.

"समज, हे ऑस्ट्रिया," तो म्हणाला. "आणि हे डोंगर म्हणजे आल्प्स."

"पप्पा, देअर इज अ कॅमल इन दॅट पिकअप," मागून दिया म्हणाली.

खरंच, शेजारच्या हायलक्समध्ये एक उंट पाय दुमडून बसला होता आणि वऱ्हाडातल्या मानाच्या पाहुण्यासारखा इकडेतिकडे बघत होता. हेमा हसली. उल्हासने ते हसू लगेच जमेला धरलं.

संध्याकाळी समुद्रालगत गाडी लावून त्याने व्हॅनची बाजूची खिडकी वर उचलली आणि लाल पट्ट्यांचं छत बाहेर ओढलं. मग चहाची तलफ आली. आसपास एकही कॅफेटेरिया नव्हता. तो स्वतः शेगडीपाशी गेला, आणि पहिल्या पाच मिनिटांत दूध उतू गेलं, उरलेलं पातेल्याच्या तळाला लागलं.

"हो बाजूला," हेमा म्हणाली. "वचन तू दिलं होतंस, दुधाने नाही."

तिने आलं ठेचलं, वेलची टाकली, आटवलेल्या दुधाचा डबा फोडला. वास वाऱ्यावर निघाला. आणि खिडकीसमोर एक पांढरी निस्सान पॅट्रोल, इथल्या बड्या लोकांची जीप, येऊन थांबली. तिने दोनदा हॉर्न दिला.

या देशात चहाच्या टपरीपुढे गाडी थांबवून हॉर्न वाजवला की आतला माणूस धावत येतो. उल्हासही गेली चौदा वर्षं करामात असाच हॉर्न वाजवत आला होता. धावत जाण्याची पाळी मात्र पहिलीच.

काच खाली गेली. पांढऱ्या दाढीचे एक अरब आजोबा होते. "सदीक, दोस्त, चार कडक. शुगर कम."

'ही टपरी नाही' असं सांगायला उल्हासने तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर आलं, "यस सर."

"अरे, काय यस सर?" हेमा खिडकीतून कुजबुजली. "दुकान आहे का हे?"

"पॅट्रोल आहे गं! नाही कसं म्हणू?"

हेमाने चहा दिला. आजोबांनी नोट पुढे केली, तर तिने हात जोडले. "दारात आया आदमी से चाय का पैसा नहीं लेते, बाबा."

आजोबांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि फोन काढला. थोड्याच वेळात त्यांचे दोन पुतणे दोन लँड क्रूझर घेऊन हजर. तीन गाड्या जिथे उभ्या, तिथे चहा चांगला असणार, हे ओळखून चौथी थांबली. तिच्यातून एक बाई उतरल्या, मागून त्यांचे यजमान.

"बाय, आलं घातलंस ना गो?"

"अय्या, तुम्ही मराठी!"

"हव्वाबी. रत्नागिरीची. हे आमचे हमदुल्ला, यांना बिनसाखरेची चाय दे. डायबेटीस आहे, पण सांगणार नाहीत."

हव्वाबी सरळ आत शिरून पेले भरू लागल्या. दिया ऑर्डरी घेऊ लागली, "ममा, सिक्स मोर, टू विदाउट शुगर!" आणि उल्हास दोन्ही हातांत कागदी पेले घेऊन या हॉर्नकडून त्या हॉर्नकडे पळू लागला.

तेवढ्यात नगरपालिकेची गाडी आली.

"लायसन्स?" निरीक्षकाने विचारलं. उल्हासने ड्रायव्हिंग लायसन्स काढलं. "ये नहीं. खाना बेचने का."

दंड किती दिरहम, त्याचे रुपये किती, असा गुणाकार उल्हासच्या डोक्यात सुरू झाला, आणि उत्तरात ऑस्ट्रिया बुडाला. पण आजोबा खाली उतरून अरबीत काहीतरी ठणकावून बोलले. निरीक्षकाने हेमाकडे पाहिलं.

"मॅडम, पैसा नहीं लिया? किसी से भी?"

"चाय का क्या पैसा? आप लेंगे?"

निरीक्षकाने उभ्याउभ्याच चहा घेतला. "खलास. बेचा नहीं, तो दंड नहीं. लेकिन रास्ता ब्लॉक है. गाडी हटाओ, यल्ला, जल्दी."

व्हॅन चारी बाजूंनी गाड्यांनी वेढली होती. उल्हास स्टिअरिंगवर बसला, एक वीत मागे गेला, एक वीत पुढे आला आणि घामाघूम झाला.

"सरक," हेमा म्हणाली.

"तू? ही केवढी मोठी आहे!"

"लायसन्स मलाही आहे. व्हॅनच्या भाडेकरारावर दुसरं नाव माझंच घातलंयस, डिस्काउंट मिळतो म्हणून."

तिने दोन्ही आरसे पाहिले आणि ती अवाढव्य व्हॅन दोन लँड क्रूझरमधून एका दमात मागे काढली. पुतण्यांनी टाळ्या वाजवल्या. "माशाल्ला!" आजोबा म्हणाले. हव्वाबींनी हमदुल्लांना कोपराने ढोसलं, "बघा, बघा जरा!"

हेमा काही स्टिअरिंगवरून उठली नाही. थेट डोंगराकडे निघाली. पहिला बोगदा संपल्यावर म्हणाली, "उल्हास, युरोपला जाऊ या."

त्याचा कानांवर विश्वास बसेना. "खरंच?"

"खरंच. काय मजा येते रे चालवायला! पूर्ण युरोप मी चालवणार. ओटा तुझा. चहा, पोळ्या, सगळं."

"फेअर डील," मागून दिया म्हणाली.

तालमीचा हिशेब असा जुळला. चहा सगळ्यांनी प्यायला आणि एकानेही पैसे दिले नाहीत. हेमाला आल्प्स मिळाले आणि आल्प्सचं स्टिअरिंगही. बिल तेवढं शेजारच्या सीटवर, पट्टा लावून बसलेल्या उल्हासच्या मांडीवर आलं होतं. तिथल्या पातेल्याच्या तळाला लागलेलं दूध तो चमच्याने खरवडत होता.