टेंबेकाकांचा पाऊण तास

जबलपूरहून बरगीचं धरण तासाभरात येतं. टेंबेकाका गाडीत असले तर ते दोन तासांत येतं.

काका पुढच्या सीटवर, ड्रायव्हर पटेलजींच्या शेजारी बसतात. मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवतात. पाऊण तास झाला की हात वर करतात आणि अख्ख्या गाडीला दणदणीत आवाजात ऐकवतात, "पटेलजी, गाडी रोकिये! मुझे जाना है! जोर की लगी है!"

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नवी नवरी होते आणि गाडीत माझे सासूसासरे होते. मला कुठे तोंड लपवावं कळेना. नितीन, म्हणजे माझा नवरा, कानात म्हणाला, "सवय करून घे. हे दर पाऊण तासाला होणार." तेव्हापासून सतरा वर्षं होतंय.

जबलपूरच्या नेपियर टाउनात आम्ही खाली राहतो आणि टेंबेकाका-काकू वरच्या मजल्यावर. काकांची अख्खी नोकरी इथल्या संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शनला गेली. आलेला माल तपासायचा आणि त्यावर 'पास' किंवा 'रिजेक्ट'चा शिक्का मारायचा. निवृत्त होताना शिक्के तिथेच ठेवून आले, पण सवय घरी घेऊन आले. माझ्या सासूबाईंची पुरणपोळी पास आहे. माझी अजून रिजेक्टच होते. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

सहलींचं खातं काकांकडे. दोन-तीन घरं मिळून आम्ही जातो आणि ऋतू ठरलेले. पावसाळ्यात बरगी, थंडीत लम्हेटा घाटावर गाकर-भर्ता, मे महिन्यात पचमढी. गाकर म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाडजूड गोळे. ते तुपात बुडवायचे आणि भाजल्या वांग्याच्या भर्त्याबरोबर हाणायचे. आम्ही वांगी भाजत बसलेलो असतो आणि काका मात्र गायब. ते कुठे गेले हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं. ते बाथरूम बघायला गेलेले असतात.

अहो, खरंच सांगते! लोक भेडाघाटला जाऊन आले की संगमरवराच्या कड्यांचं कौतुक करतात. काका येऊन सांगतात, "नळाला पाणी होतं. दाराला आतून कडी आहे. पास." कुठलीही सहल ठरली की आठवडाभर आधी हा माणूस स्कूटरवरून एकटा जाऊन सगळं बघून येतो. किती पायऱ्या आहेत, कठडा कुठे आहे, कुठल्या ढाब्याच्या मागे सोय आहे. आम्ही या प्रकाराला 'सर्वे' म्हणतो.

दुसरं वेड पाण्याचं. प्रत्येकाला नावाची बाटली, नाव काकांच्या हातचं, लाल ऑइलपेंटनं रंगवलेलं. गाडी थांबली की बाटल्या दाखवायच्या. एकदा माझी भरलेलीच होती. काका म्हणाले, "रिजेक्ट. काहून नाही प्यायली? सहलीला येऊन राहिली की उपासाला?" आणि भर रस्त्यात, ट्रकवाले बघत असताना, मला उभ्यानं अर्धी बाटली प्यायला लावली. मी नेपियर टाउनातच एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. शंभर पोरं माझ्या आवाजाला टरकतात. पण काकांपुढे मी गटागट पाणी प्यायले.

काकूंचा स्वभाव अगदी उलटा. बारीक आवाज, पदर सावरलेला, कुणाला आपला त्रास नको. काकांनी गाडी थांबवली की कपाळाला आठी घालायच्या. "यांच्यापायी बाप्पा, कुठे वेळेवर पोचणं नाही!" मग दोन मिनिटं थांबून, जसं काही आत्ताच सुचलंय, "आता थांबलोच आहोत तर मीपण जाऊन येते." त्या आल्या की गाडी निघायची.

आम्ही काकांची किती थट्टा करावी! नितीननं सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'पाऊण तास' ठेवलं. मी तर तोंडावर विचारायची, "काका, एकदा डॉक्टरांना दाखवा ना."

"दाखवलं. ते म्हणाले, पाणी प्या."

एकदा पचमढीच्या वाटेवर असंच झालं. हात वर, आरडाओरडा, गाडी थांबली. काकू जाऊन आल्या, आणखी दोघं जाऊन आले, आणि काका आपले गाडीचं टायर दाबून बघत उभे. मी म्हटलं, "काका, तुम्ही जा ना."

"गेली."

"काय गेली?"

"लागलेली."

ही गोष्ट सांगून मी वर्षभर सगळ्यांना हसवलं. फिजिक्स शिकवते म्हणून मिरवते, पण डोळ्यांसमोरचं गणित मला सुटलं नाही.

काकूंची एकच इच्छा राहिली होती, अमरकंटकची. आयुष्य नर्मदेच्या काठी गेलं, ग्वारीघाटावर रोजचा दिवा सोडला, पण ती निघते कुठून हे पाहिलं नव्हतं. काका टाळत आले होते, कारण रस्ता सहा तासांचा आणि मध्ये जंगल. या वर्षी मात्र त्यांनी मनावर घेतलं. बसनं दोनदा एकटे जाऊन सर्वे करून आले. आणि गाकर-भर्त्याच्या दिवशी जाहीर केलं, "या महिन्याच्या शेवटी अमरकंटक. जायचं म्हणजे जायचं." काकूंच्या हातातला गाकर तसाच राहिला. इतकं लखलखीत हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि त्याच दिवशी, लम्हेटा घाटाच्या पायऱ्या मोजताना, काकांची सत्ताविसावी पायरी चुकली. घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर.

सगळे म्हणाले, रद्द करा. काकू तर पहिल्या. "यांना सोडून मी कुठे जाऊ? पुढच्या वर्षी बघू."

"पुढचं वर्ष नाही," काका पलंगावरून गरजले. "इन्स्पेक्टर आजारी पडला म्हणून कारखाना बंद नाही पडत. गाडी ठरली, तारीख ठरली, पास झालेला माल आहे. खालच्या वहिनी मला जेवू घालतील. सुमन, तू जाऊन राहिली. बस!"

सुमन म्हणजे काकू आणि वहिनी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी मान डोलावली. काकू रुसल्या, रडल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. काका हलले नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी, काकू देवळात गेलेल्या बघून, काकांनी मला वर बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. मला वाटलं, औषधांचं काही असेल.

"तुझा आवाज मोठा आहे," ते म्हणाले.

"हो. मग?"

"उद्या दर पाऊण तासानं तू गाडी थांबवायची. म्हणायचं, मला लागली."

मी हसायलाच लागले. "काका, तुम्ही गाडीत नसताना काहून थांबायचं?"

ते हसले नाहीत. प्लास्टरकडे बघत बोलत राहिले. मुलगी झाली त्या बाळंतपणापासून काकूंना लघवी धरवत नाही. काकूंनी कुणाला सांगितलं नाही, काकांनाही नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मे महिन्यात सगळे बसनं पचमढीला निघाले होते. काकू सकाळपासून पाण्याचा थेंब प्यायल्या नाहीत आणि पिपरियाच्या स्टँडवर चक्कर येऊन पडल्या.

"मी विचारलं, काहून नाही प्यायली? तर म्हणे तहान नव्हती. मे महिन्यात! मग माझ्या डोक्यात उजेड पडला. भरल्या बसमध्ये ती कशी म्हणणार, थांबवा म्हणून? त्यानंतर दोन वर्षं कुठे आलीच नाही. गुडघे दुखतात म्हणे. ही बाई, जिला फिरायचा इतका शौक! तेव्हा मी ठरवलं, यापुढे लागायचं तर मलाच लागेल. माणूस ओरडला तर लोक हसतात आणि विसरतात."

"काकूंना माहीत आहे?"

"नाही. आणि समजायला पण नको."

सतरा वर्षं मी या माणसाला हसत होते. ग्रुपचं नाव, टायरची गोष्ट, डॉक्टरांना दाखवा म्हणून केलेला शहाणपणा, सगळं आठवलं आणि माझीच मला लाज वाटली.

"नितीनला सांगते ना, तो ओरडेल."

"तो गाडीत झोपतो. तू रिजेक्ट नाही होणार, मला ठाऊक आहे." त्यांनी आपलं घड्याळ माझ्या हातात ठेवलं आणि एक कागद दिला. सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: कुंडम, ढाब्याच्या मागे, बरं आहे. शहपुऱ्याच्या अलीकडे पेट्रोलपंप, किल्ली मागावी लागते, देतात. डिंडोरी, दोन ठिकाणं, दुसरं चांगलं. तळाशी लिहिलं होतं: थंडीत पाऊण तासाचा अर्धा तास करणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. घड्याळ माझ्या मांडीवर. मागे काकू, नितीन, त्याच्या ऑफिसातले दोघं सपत्नीक. अर्धा तास झाला. तोंड उघडलं, आवाज फुटेना. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांची बाटली मांडीवर होती, गळ्यापर्यंत भरलेली, झाकणही न उघडलेली. ती बाटली बघितली आणि मी हात वर केला.

"पटेलजी, गाडी रोकिये! मुझे जाना है! जोर की लगी है!"

गाडीत जो हशा उसळला! नितीन म्हणाला, "काकांनी तुला चार्ज दिला वाटतं!" ऑफिसातल्या एकीनं दुसरीकडे बघून डोळे मोठे केले. माझे कान तापले, पण मी ताडकन दार उघडून उतरले.

काकू उतरल्या नाहीत. "यांच्यापायी" म्हणायला 'हे' गाडीत नव्हते. मी खालून बघत राहिले. त्याही माझ्याकडे बघत राहिल्या, बराच वेळ. मग हळूच म्हणाल्या, "आता थांबलोच आहोत तर..." आणि पुढचं वाक्य न बोलताच उतरल्या. परत येताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं, घट्ट. गाडीत बसल्या आणि बाटलीचं झाकण उघडलं.

अमरकंटकपर्यंत मी नऊ वेळा गाडी थांबवली. सहाव्या वेळी नितीन म्हणाला, "अगं, डॉक्टरांना दाखव."

"दाखवलं. ते म्हणाले, पाणी प्या," मी म्हटलं.

कुंडापाशी काकू वाकून बघत राहिल्या. ग्वारीघाटाची ती रुंद नदी इथे ओंजळभर. "एवढीशी असते होय ही!" म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या खळखळून हसल्या. मग लगेच डोळे पुसले. "यांनी बघायला पाहिजे होतं."

रात्रभर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. काका वरच्या गॅलरीत, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. अमरकंटक कसं होतं, दर्शन झालं का, एक अक्षर विचारलं नाही. हात पुढे केला. "बाटली."

काकूंनी दिली. काकांनी ती उलटी धरली. एक थेंब प्लास्टरवर पडला.

"पास," ते म्हणाले. आणि त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं.

काकू जागच्या हलल्या नाहीत. "आता तुमची दाखवा."

"माझी काय दाखवायची?"

त्यांची बाटली खुर्चीमागे, भिंतीला लागून ठेवलेली होती. लाल अक्षरात 'प्रभाकर'. जवळजवळ भरलेली. तेवढ्यात सासूबाई जिन्यातून वर आल्या आणि सगळं बाहेर आलं. "दोन दिवस घोट-दोन घोटांवर काढलेत त्यांनी. चहासुद्धा नको म्हणाले. मी म्हटलं, उठायचं असलं तर मला हाक मारा, मी धरते. तर नाही म्हणजे नाहीच."

काकांनी मान खाली घातली. जन्मभर भरल्या गाडीत ओरडलेला हा माणूस, सासूबाईंना एक हाक मारू शकला नव्हता. मला हसू आलं आणि रडूही.

"रिजेक्ट," काकू म्हणाल्या. त्यांनी बाटली उघडून त्यांच्या हातात दिली आणि ते अर्धी पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग पदर खोचला, त्यांच्या काखेखाली खांदा घातला आणि खाली गाडीतून सामान काढणाऱ्या पटेलजींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणाल्या,

"उठा हो. मला लागली आहे. चला माझ्याबरोबर."