टोपड्यातलं भिंग

निवड करायची असेल तर माणूस हवा माझ्यासारखा! येडशीच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो, त्यामुळं नजर तयार. कलिंगड न वाजवता सांगेन, आतून लाल की पांढरं. साडीचा रंग टिकेल की जाईल, तेही दुरून सांगेन. (माझ्या बायकोच्या, फरिदाच्या, दोन साड्यांचे रंग पहिल्याच धुण्यात गेले, पण तो पाण्याचा दोष!)

तर अडुसष्ट सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या थोरल्या भावानं, महेबूबभाईनं, मला एक कॅमेरा आणून दिला. कॅमेरा झकास, पण त्यातून समोरच्या डोंगरावरचं झाड मोहरीएवढं दिसायचं. म्हणून मग झूम भिंगाचा ध्यास लागला. झूम म्हणजे काय, तर लांबचं जवळ आणणारं आणि जवळचं लांब नेणारं भिंग. जागचं उठायला नको, डोंगरच तुमच्याकडं येतो!

सोलापुरात शरणबसप्पांचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. त्यांच्या दुकानाची पाटी मी रंगवलेली, त्यामुळं माझ्यावर त्यांचा भारी विश्वास. त्यांनी काचेवर दोन भिंगं शेजारी शेजारी ठेवली.

"मास्तर, भिंग एकच, पण आवृत्त्या दोन. कंपनीनं आधी हे काढलं. ढकलायचं. नळी पुढं ढकला, लांबचं जवळ. मागं ओढा, जवळचं लांब. मग हे दुसरं काढलं. फिरवायचं. त्याला दोन कड्या. एक फिरवली की जवळ-लांब, दुसरी फिरवली की स्पष्ट-पुसट."

"नवशिक्याला कोणतं बरं?"

"ते नवशिक्यानंच ठरवायचं! दोन्ही घरी न्या, आठ दिवस बघा. मंगळवारी एक परत आणा. पण ओरखडा पडला तर ते तुमचं!"

दोन्ही भिंगं मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. तुळजापूरच्या घाटात बाकीच्यांना मळमळत होतं. मी ढगात होतो.

पुढचे चार दिवस मी घरात होतो, असं फरिदा म्हणते. मला आठवत नाही. ढकलायचं भिंग डोळ्याला लावलं की बालाघाटचा डोंगर पावलं न वाजवता खिडकीशी यायचा. पार तिकडं एक मेंढपाळ ओंजळीनं पाणी प्यायचा आणि इकडं माझी तहान भागायची. फिरवायच्या भिंगातून ज्वारीची कणसं आधी धुकं व्हायची, मग हळूहळू एकेक दाणा त्या धुक्यातून उजाडायचा. मी आपला तासन् तास धुकं करायचो आणि उजाडायचो!

"अजी, डाळ उतू चाललीय!" फरिदा ओरडली.

"जवळ की लांब?" मी विचारलं.

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला तेही उशिराच कळलं.

रविवार उजाडला तरी निवड काही होईना. मग मी ठरवलं, रामलिंगच्या दरीत जाऊन दोन्ही भिंगांची रीतसर परीक्षा घ्यायची. फरिदाही आली, डब्यात मलिद्याचे लाडू घेऊन. निघताना भिंगाला धक्का लागू नये म्हणून मी काहीतरी मऊ शोधत होतो. फरिदानं तिच्या बहिणीच्या बाळासाठी गुलाबी लोकरीचं टोपडं विणून ठेवलं होतं. भिंग त्यात असं बसलं, जणू माप घेऊनच विणलं! विचारायचं राहून गेलं.

दरीत कोवळं ऊन होतं. फरिदा खाली झाडाच्या सावलीत चादर अंथरत होती. मी देवळाकडं उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसून आधी ढकलायच्या भिंगानं कळसाचे दहा फोटो काढले. मग ते टोपड्यात गुंडाळून, बंद बांधून, शेजारच्या दगडावर ठेवलं आणि फिरवायचं भिंग कॅमेऱ्याला लावलं. तेवढ्यात लांब वळणावर आमची बार्शीकडची छोटी आगगाडी दिसली. मी कडी फिरवली. गाडी धुक्यातून तरंगत आली. डब्याच्या खिडकीत एक म्हातारी झोपलेली. तिच्या पदरावर धुराची सावली पडायची आणि पुसली जायची. आपणही त्या डब्यात आहोत, गाडी कुठंच पोहोचणार नाही आणि कुणाची तक्रारही नाही, असं मला वाटू लागलं...

"माकडानं लेकरू नेलं गं बया! लेकरू नेलं!"

मी दचकून बघितलं. दगड रिकामा! आणि समोरच्या उंच झाडावर एक माकड बसलेलं, काखेत गुलाबी टोपडं!

ओरडली होती ती येरमाळ्याहून दर्शनाला आलेली लक्ष्मीबाई. तिचा नवरा बलभीम चपला तिथंच टाकून धावत आला.

"कुणाचं हाय? कुणाचं हाय लेकरू?"

"माझं! माझंच आहे!" मी झाडावरची नजर न हलवता ओरडलो. भिंगाला कुणी लेकरू म्हणावं, इतकी कदर येरमाळ्याच्या माणसांना आहे, हे बघून मला भरूनच आलं!

"किती महिन्याचं हाय?"

"महिना कसला! गेल्या मंगळवारीच आणलंय, सोलापूरहून!"

"आणलंय?" लक्ष्मीबाई थबकली.

"शरणबसप्पांकडून. दोन आणली होती. बघायचं, एक ठेवायचं आणि एक मंगळवारी परत द्यायचं."

"परत? लेकरं काय वांगी हायेत व्हय, निवडून ठेवायला?"

"मग काय करणार? दोन्ही ठेवायची ऐपत नाही ना माझी!"

लक्ष्मीबाईनं कपाळावर हात मारला. एव्हाना पंचवीस-तीस माणसं गोळा झाली होती.

"आन् दुसरं कुठं हाय?" बलभीमनं भीत भीत विचारलं.

"हे काय, गळ्यात!"

सगळ्यांनी माझ्या गळ्याकडं बघितलं. बलभीम वळून लोकांना हळूच म्हणाला, "डोस्क्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या. लेकराचं दुःख लई वंगाळ. तुमी त्याच्या नादी लागू नका, झाडाखाली या!"

आणि त्या भल्या माणसानं डोक्याचा पटका सरसर सोडला. चार गड्यांनी चार बाजूंनी तो झाडाखाली ताणून धरला. कुणी नारळ दाखवत होतं, कुणी फुटाणे उधळत होतं. त्यामुळं दरीतली उरलेली सगळी माकडंही आली. ती फुटाणे खाऊ लागली, पण ज्याला उतरवायचं ते वरच!

वरच्या माकडानं टोपड्याचा बंद ओढला. बायकांनी डोळे मिटून घेतले. माकडानं टोपडं काढलं, उलटसुलट करून बघितलं आणि स्वतःच्या डोक्यावर चढवलं. हातात राहिली काळी नळी.

"अगं आई! लेकरू काळंनिळं पडलं!"

"अगं, त्याला हातपायच न्हाईत!"

बलभीमनं डोळे बारीक केले. "कुठलं लेकरू घेऊन बसलाव? नळकांडं हाय ते!"

सगळे माझ्याकडं वळले. पण मी त्यांच्यात नव्हतोच. मी कॅमेरा डोळ्याला लावला होता. भिंगाला कुठं लागलंय का, एवढंच बघायचं होतं, शप्पथ! मी एक कडी फिरवली, माकड जवळ आलं, पण पुसट. दुसरी फिरवली, माकड धुक्यात गेलं. पुन्हा पहिली. पुन्हा दुसरी. आणि अचानक ते लख्ख उजाडलं. टोपड्यातून बाहेर आलेले केस उन्हात सोनेरी झाले होते. त्यानं नळी चाटली, चावून बघितली, चव लागली नाही. मग ती पुढं ढकलली, मागं ओढली, पुन्हा ढकलली. आणि डोळ्याला लावली!

आम्ही एकमेकांकडं बघत होतो. त्याच्या भिंगाच्या काचेत आभाळाचा एक तुकडा होता आणि त्या आभाळाच्या तळाशी मी, तिळाएवढा. मला वाटलं, जगात सध्या आम्ही दोघंच आहोत आणि दोघंही नवशिके. त्यानं नळी मागं ओढली. मी त्याच्यापासून लांब लांब जात असणार. मला खरंच लांब गेल्यासारखं वाटलं. सगळा गलका थांबला. पानं हलत होती, पण आवाज नव्हता...

"अवो पावनं!" बलभीमनं माझा खांदा गदागदा हलवला. "ह्या नळकांड्यापायी भर देवळाम्होरं मला बोडकं केलंत?"

"सोडा रे पटका!" एक गडी म्हणाला. चौघांनीही हात खाली घेतले.

"सोडू नका! पाया पडतो! भिंग फुटलं तर शरणबसप्पांना तोंड कसं दाखवू? दुसऱ्याची चीज आहे!"

तेवढ्यात गर्दीतून फरिदा आली. तिनं वर बघितलं. माझ्याकडं बघितलं. पुन्हा वर बघितलं.

"माझं टोपडं!"

एवढंच म्हणाली, पण अशी म्हणाली की माझं भिंग, कॅमेरा आणि मी, तिघंही पुसट झालो.

लक्ष्मीबाईनं तिचा चेहरा न्याहाळला आणि गड्यांवर ओरडली, "धरा रे पटका! बाप्यासाठी नका धरू, ह्या बाईसाठी धरा! येवढं बारीक विणलंय बिचारीनं!"

पटका पुन्हा ताणला गेला. फरिदानं डबा उघडला आणि मलिद्याचा एक लाडू तळहातावर धरला. माकडानं लाडवाकडं बघितलं, मग भिंगातून बघितलं. लाडू एकदम मोठा दिसला असणार! ते सरसर खालच्या फांदीवर आलं, दोन्ही हात पुढं केले, आणि भिंग सुटलं!

धप्प! पटक्याच्या मधोमध!

माकड लाडू घेऊन गेलं. टोपडंही घालून गेलं.

काच शाबूत होती. नळीवर मात्र चार दात स्पष्ट उमटले होते. मी बलभीमची माफी मागितली. त्यानं पटका झटकला, डोक्याला गुंडाळला आणि दोन लाडू खाल्ल्यावर हसलासुद्धा. "आमाला वाटलं, लेकरू वाचवलं. चला, काचेचं तर काचेचं!"

मंगळवारी शरणबसप्पांना मी सगळं खरं सांगितलं. ते इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"म्हणजे ढकलायचं ठेवताय."

"ठेवावंच लागेल. नवशिक्याला तेच सोपं. मला कड्या जमता जमेनात, माकडाला ढकलणं पहिल्याच दमात जमलं."

"बरं, तो फोटो दाखवा. टोपडं घातलेलं माकड, डोळ्याला भिंग! मोठा करून दुकानाच्या काचेत लावतो. त्याच्या बदल्यात दुसरं भिंगही तुम्हालाच!"

मी खाली बघितलं. वर बघितलं. दुकानातल्या सगळ्या कॅमेऱ्यांकडं बघितलं.

"मास्तर? काढला ना?"

"बघत होतो," मी म्हणालो. "बटण दाबायचं राहून गेलं."

घरी येऊन फरिदाला हे सांगितलं. तेव्हा ती पुन्हा पहिल्यापासून टोपडं विणायला बसली होती. सुई न थांबवता म्हणाली, "अजी, नुसतं बघायचंच होतं तर घरात डोळे होते की!"