मिसळ येईपर्यंतचा वारसा

गंगापूर रोडवरच्या गोदाखोरे पुरावस्तू संग्रहालयात प्रेक्षक येत नसत, हे सर्वांना मान्य होतं. कुणाची तक्रार नव्हती. पहारेकऱ्याला झोप मिळे आणि अश्मयुगीन हत्यारांना तर वाट पाहायची सवयच होती. यंदा मात्र वरून आदेश आला: दिवाळीपर्यंत समाधानकारक ‘प्रेक्षक सहभाग’ दिसला नाही, तर संग्रहालय हटवून त्या जागी दुचाकींचा वाहनतळ करण्यात येईल. सबब, तेजस्विनी पेखळे हिची प्रेक्षक-संवर्धन अधिकारी या पदावर हंगामी नेमणूक झाली. संग्रहालय टिकलं तर ती टिकणार होती.

तेजस्विनी भूशास्त्राची. गोदावरीच्या पात्रात सापडलेली काळ्या दगडाची हातकुऱ्हाड एकदा नीट पाहिली की कुणीही खुळावेल, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. तिने व्याख्यान ठेवलं. त्याला वक्त्यांचे जावई तेवढे आले, तेही वक्त्यांना घरी न्यायला.

शेवटी संचालक दिनेश गायधनींनी शहराचं सर्वेक्षण केलं, म्हणजे रविवारी सहकुटुंब मिसळ खायला गेले.

“पेखळे मॅडम, त्या मिसळवाल्यांकडे दगडी जातं आहे, बैलगाडी आहे, कंदील आहे. रांगा लागतात! त्यांच्याकडे जुन्या वस्तू आणि मिसळ. आपल्याकडे नुसत्याच जुन्या वस्तू. त्रुटी उघड आहे.”

त्रुटी दूर करण्यात आली. एकलहऱ्याला वीज केंद्राबाहेर मिसळीची गाडी लावणाऱ्या वत्सलाबाईंना सन्मानाने बोलावून मागच्या अंगणात गॅसची शेगडी आणि टेबलं मांडून दिली. पहिल्याच रविवारी गर्दी उसळली, ती थेट टेबलांवर. दालनात कुणी डोकावलंसुद्धा नाही. तेवढ्यात सिलिंडर संपला. दुसरा येईपर्यंत माणसं चुळबुळत उठली, दालनात शिरली आणि चक्क पाट्या वाचू लागली.

तेजस्विनीचे डोळे चमकले. पण एका निरीक्षणावर निष्कर्ष काढणं तिच्या शिस्तीत बसत नव्हतं. पुढच्या रविवारी तिने डावीकडच्या टेबलांना मिसळ वेळेवर दिली, उजवीकडच्यांना रखडवली. डावीकडचे खाऊन, बडीशेप चघळत निघून गेले. उजवीकडचे विचारू लागले, “ही कुऱ्हाड कोणत्या काळातली हो?”

नियम सिद्ध झाला. वारशाची ओढ मिसळीच्या वेगाच्या व्यस्त प्रमाणात असते.

“मावशी, अजून थोडं थांबा ना,” तेजस्विनी शेगडीपाशी येऊन विनवू लागली.

“अगं ताई, रस्सा उकळून उकळून आटू ऱ्हायला! लेकरं भुकेली दगडं बघू ऱ्हायली तिकडं. पाप लागंल मला.”

“पाप नाही, मावशी. प्रबोधन.”

प्रबोधन जोरात चाललं. देवळाली कॅम्पचे निवृत्त सुभेदार सावळीराम आणि ओझरच्या विमान कारखान्यातले योगेश यांची हातकुऱ्हाडीच्या धारेवरून जुंपली.

“अशी धार घणाने येत नाही, सुभेदारसाहेब. टवके काढलेत.”

“तुम्ही विमानं बघा हो! हत्यारातलं आम्हाला कळतं.”

तेजस्विनी खांबाआड उभी राहून ऐकत होती. तिला आनंदाने रडू यायचं बाकी होतं.

मग पाहणी समिती आली. तेजस्विनीने वत्सलाबाईंना दहादा बजावलं होतं, यांनाही ताटकळत ठेवा. पण समिती टेकते न टेकते तोच गरमागरम मिसळ पुढ्यात. वर पापड, दही, जिलेबी.

“साहेब लोकांना उपाशी बसवायचं? माझ्याच्यानं नाय व्हायचं ते,” वत्सलाबाई म्हणाल्या. गायधनी सर स्वतः पाव वाढत होते.

समितीने रस्सा पुन्हा मागवला, घाम पुसला आणि बसल्या जागेवरून दालनाची पाहणी केली.

“ते दगड कशाला ठेवलेत मधे?” अध्यक्षांनी विचारलं. “चार टेबलं मावतील तिथं.”

“सर, हे संग्रहालय आहे.”

“ते दिसतंयच की. उगाच का एवढी गर्दी?”

निर्णय तिथेच झाला. प्रेक्षक सहभाग अत्युत्कृष्ट, संग्रहालय कायम, तेजस्विनी पेखळे कायम, पुरावस्तू प्रेक्षकांना अडचणीच्या ठरत असल्याने गोदामात.

पुढच्या रविवारी फाटकापाशी घोषणा सुरू झाल्या. “आमचा वारसा परत द्या!” सर्वांत पुढे सुभेदार होते, त्यांच्या शेजारी योगेश. लहान मुलांच्या हातात पुठ्ठ्याच्या हातकुऱ्हाडी होत्या. तेजस्विनी धावतच बाहेर आली. आपली समजूत खरी ठरली, असं तिला क्षणभर वाटलं.

“गोदाम पलीकडच्याच गल्लीत आहे,” ती उत्साहाने म्हणाली. “किल्ली माझ्याकडे आहे. चला, आत्ता दाखवते सगळं!”

घोषणा थांबल्या.

“तिकडं... खायचं काय आहे?” सुभेदारांनी हळूच विचारलं.

“काही नाही. नुसत्या वस्तू.”

“असं होय,” योगेश म्हणाले, आणि घड्याळाकडे बघितलं. मोर्चा शिस्तीत आत जाऊन टेबलांवर बसला. नवी चार टेबलंही भरली.

आपण हसलात. बरं वाटलं. आता सांगा, आपल्या गावच्या संग्रहालयात आपण शेवटचे कधी गेला होतात? शाळेची सहल धरायची नाही. पाऊस आला म्हणून आडोशाला शिरला असाल, तर तेही नाही.