निळा पडदा आणि बदलीचा अर्ज

भीमाशंकर बिरादार सरांनी सुटे भाग मागवून घरीच कॉम्प्युटर जोडला आणि बटण दाबल्यावर तो खरोखर चालू झाला, तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य खुद्द सरांनाच वाटलं. ते मुखेडच्या झेडपी शाळेत तिसरीला शिकवत. स्क्रू ड्रायव्हर त्यांनी आयुष्यात फक्त चष्म्याच्या काडीसाठी हातात धरला होता. घरमालकीण नागम्मा दारात उभ्या राहून त्याच्या आतला पंखा फिरताना बघत होत्या. त्यांनी आत येऊन कॉम्प्युटरच्या डब्याला विभूती लावली आणि म्हणाल्या, “आता बाईंना दाखवा, सर.”

बाई म्हणजे सरांची बायको, रूपाली. ती हिमायतनगरजवळच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. मुखेड जिल्ह्याच्या एका टोकाला, हिमायतनगर दुसऱ्या, आणि मध्ये अख्खं नांदेड. लग्न झाल्यापासून त्यांचा संसार रविवारचा होता. सर पहाटेची एसटी धरून, नांदेडला गाडी बदलून दुपारपर्यंत पोचायचे. बऱ्याचदा तेवढ्यात कुणीतरी बाळंतपणाचा निरोप घेऊन यायचं. रूपाली पिशवी उचलायची, चपला घालता घालता “भाकरी झाकून ठेवलीय” म्हणायची आणि जायची. सर एकटेच जेवायचे, तिचं ताटही धुऊन ठेवायचे आणि परतीची गाडी धरायचे. एकदा तर ती त्यांना फक्त बसच्या खिडकीतून दिसली होती. समोरून ॲम्ब्युलन्समधून येत होती.

बदली मागायची हे दोघांचं ठरलेलं होतं. सरांनी हिमायतनगरला जायचं, कारण तिकडच्या बायका रूपालीशिवाय कुणाला पोटाला हात लावू देत नव्हत्या. मागच्या वर्षी सरांनी बाजारातल्या एका ऑनलाइन केंद्रात अर्ज भरून घेतला होता. तिथल्या माणसानं पत्नीच्या रकान्यात सरांचं नाव टाकलं आणि सर स्वतःशीच एकत्र राहू इच्छितात असा अर्ज वर गेला. तो परत आला. तेव्हाच सरांनी ठरवलं, यंदा आपला कॉम्प्युटर, आपला अर्ज. शिवाय मोबाइलवर रूपालीचा चेहरा अंगठ्याएवढा दिसायचा. तो एकदा मोठा बघायचा होता, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तिला व्हिडिओ कॉल लावला. मोठ्या पडद्यावर रूपाली आली. कपाळावर घामानं चिकटलेले केस दिसले, हनुवटीवरचा तीळ दिसला. तो तीळ इतके दिवस सर विसरूनच गेले होते. ते म्हणाले, “तू वाळलीस गं.” ती काहीतरी उत्तर देणार, तेवढ्यात तिचे डोळे अर्धे मिटले आणि चित्र थांबलं. सर थोडा वेळ त्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग पडदा निळा झाला. त्यावर इंग्रजीत लिहून आलं, त्याचा अर्थ एवढाच की मेमरीत गडबड आहे.

तेव्हापासून तो निळा पडदा रोजचाच झाला. पुन्हा चालू करावं, जरा वेळ बरं चालावं, आणि नेमकं मोठं काही उघडलं की निळं. नागम्मा रोज विचारायच्या, “येन आयतु, सर?” आणि कानडी सरांना कळलं नसेल म्हणून लगेच मराठीत, “काय झालं?” त्यांच्या मते डब्याला उष्णता झाली होती. त्यांनी आपला कूलर आणून त्याच्यासमोर लावला. कूलरनं पाणी उडवलं, तेव्हा सरांनी तो हात जोडून परत केला.

सरांनी व्हिडिओ बघून इलाज शोधला. आतमध्ये मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. एका कंपनीची एकच मिळाली म्हणून दुसरी वेगळ्या कंपनीची घेतलेली. दोन्ही काढून त्यांनी खोडरबरानं त्यांची सोनेरी टोकं घासली. फरक पडला नाही. मग एकेक पट्टी लावून तपासायची असं ठरवलं. सकाळी चाचणी सुरू करून ते शाळेत जायचे आणि वर्गात पाढे म्हणवून घेताना मनात त्या पट्टीचा निकाल काय लागेल याचीच काळजी करायचे. पहिली पट्टी पास झाली. दुसरीही पास झाली. या सगळ्यात अर्जाची मुदत संपत आली होती, पण सर निर्धास्त झाले. दोन्ही निर्दोष आहेत म्हटल्यावर त्यांनी दोन्ही पुन्हा बसवल्या आणि शेवटच्या दिवशी शाळेतून रजा घेऊन अर्जाला बसले.

अर्ज त्यांनी शुद्धलेखन तपासावं तसा तपासला. पत्नीच्या रकान्यात पत्नी आहे याची दोनदा खात्री केली. मग शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं आणि पोच येण्याऐवजी निळा पडदा आला.

सरांनी घाईघाईनं एक पट्टी उपटून काढली. कॉम्प्युटर चालू झाला, पण एव्हाना जिल्ह्यातले सगळेच मास्तर साइटवर तुटून पडले होते. साइट उघडेना. संध्याकाळी उघडली तेव्हा तिच्यावर मुदत संपल्याचं लिहिलेलं होतं. सरांनी रूपालीला फोन लावला आणि अर्ज गेला नाही असं सांगितलं.

रूपाली म्हणाली, “आमच्या खात्याची मुदत उद्यापर्यंत हाय. मी भरू का मुखेड?”

“अन् तिथल्या बायांचं कसं?”

“त्यांना मी समजावीन. ते नका सांगू मला. मी येऊ का, ते सांगा.”

“ये,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं तालुक्याच्या दवाखान्यात बसून अर्ज भरला. तिला पोचही मिळाली.

त्यानंतर सरांना दोष सापडला. जोडणी करताना एका व्हिडिओतल्या पोरानं सांगितलं होतं की अमुक सेटिंग चालू केलं की मेमरी दुप्पट पळते. सरांनी ते लगेच केलं होतं. त्या वेगानं एकेकटी पट्टी नीट पळायची. दोघी एकत्र आल्या की अडखळायच्या. सरांनी ते सेटिंग बंद केलं आणि कॉम्प्युटर शहाण्यासारखा चालू लागला. फोनवर त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा रूपाली म्हणाली, “म्हंजे एकट्या ऱ्हायल्या तर लई गुणाच्या, अन् संगं ठेवलं की भांडण. आपलं बघा, संगं ठेवून कुणी बघितलंच न्हाई.”

सर हसले, पण फोन ठेवल्यावर ते वाक्य त्यांना खूप वेळ पुरलं.

ते तयारीला लागले. खोलीला चुना दिला, दुसरी खाट आणली, नागम्मांनी वापरात नसलेली मांडणी धुऊन पाठवली. तिकडे रूपाली एकेका घरी जाऊन निरोप घेत होती आणि घरोघरी रडं होत होतं.

ऑर्डर निघाल्या त्या दिवशी सर वर्गावर होते. मुख्याध्यापक वीरण्णा हातात मोबाइल घेऊन दारात आले आणि अभिनंदन म्हणाले. सरांना वाटलं, रूपालीची बातमी यांच्यापर्यंत पोचली. मग त्यांनी मोबाइलमध्ये वाचलं. बिरादार भीमाशंकर, हिमायतनगर. शेवटचं बटण दाबल्याबरोबर अर्ज पोचला होता. निळा पडदा त्यानंतर आला होता.

सरांनी रूपालीला फोन लावला. तो लागेना, कारण तीही त्यांनाच लावत होती. बऱ्याच वेळानं एकदाचा लागला.

“आली बघा ऑर्डर,” ती म्हणाली. “मुखेड. अहो, गप का झालाव?”

“माझीबी आली.”

“काय आली?”

“ऑर्डर. हिमायतनगर.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सरांना वाटलं ती रडतेय. ती हसत होती, पण मधेच रडतही होती.

दोन्हीकडच्या कार्यालयांनी एरवी कधी न दाखवलेली तत्परता दाखवली आणि दोघांनाही तातडीनं कार्यमुक्त केलं. दोघं नांदेडच्या बसस्टँडवर भेटले. सर मुखेडहून आले होते, मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन. रूपाली हिमायतनगरहून आली होती, दोन पिशव्या आणि बायांनी दिलेल्या चार नव्या साड्या घेऊन. एका बाकावर बसून दोघांनी चहा घेतला. सर म्हणाले, मी जाऊन माझी बदली रद्द करून घेतो. रूपालीनं त्यांच्याकडे नीट बघितलं.

“तुम्ही कायबी करू नका. हितं बसा. उठू नका, फोन लावू नका, बटण दाबू नका.”

तिनं पिशव्या त्यांच्या पायाशी ठेवल्या आणि ती एकटीच रिक्षानं जिल्हा परिषदेत गेली. सर हलले नाहीत. मुखेडची गाडी लागली आणि सुटली. हिमायतनगरचीही सुटली. पाणी प्यायला उठावं असं वाटलं, पण ते उठले नाहीत.

ती परतली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ती येऊन शेजारी बसली, पदरानं तोंड पुसलं, मग सांगितलं. तिच्या जागेवर अजून कुणी हजर झालेलं नव्हतं. तिथल्या साहेबांनी दोन्ही ऑर्डर शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले, आणि तिची बदली रद्द केल्याचा कागद तिथल्या तिथं दिला.

“मंग आता?” सरांनी विचारलं. उत्तर माहीत असूनही त्यांना ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

“आता काय. चला घरी.”

हिमायतनगरची पुढची गाडी लागली. गर्दी होती, पण मागे दोन जागा मिळाल्या. कॉम्प्युटर सरांच्या मांडीवर, साड्यांची पिशवी रूपालीच्या. भोकरच्या रस्त्याला लागल्यावर कंडक्टर आला. सरांनी सवयीनं सुटे पैसे काढून एक तिकीट मागितलं, आणि मग थांबले.

“न्हाई,” ते म्हणाले. “एक फुल, एक हाफ.”

कंडक्टरनं हाफवालं लेकरू कुठंय ते बघायला मान वाकडी केली. सरांनी शेजारी बोट दाखवलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असतं, ते कंडक्टरच्या ध्यानात आलं. त्यानं मुकाट्यानं दोन तिकिटं काढून दिली. सरांनी ती वरच्या खिशात ठेवली, पुन्हा बाहेर काढून बघितली आणि मग त्यातलं हाफ तिकीट रूपालीपुढे धरलं. ती केव्हाच त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती.